दुसऱ्या रविवारची चिठ्ठी

तुमच्यापैकी थोरलीने मागे फोनवर विचारलं होतं, "आजी, तू एवढी वर्षं देवळाच्या ऑफिसात होतीस, इतक्या लोकांच्या वेळा कशा सांभाळायचीस? मला माझ्या वॉर्डातल्या नर्सच्या ड्यूट्या लावतानाच नको नको होतं." मी तेव्हा भिंतीवरच्या तक्त्याचं काहीतरी सांगितलं आणि विषय बदलला. खरं सांगायचं तर तक्त्याबरोबर मला दुसरं काही आठवतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा. आमच्या पिढीचे मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणत, तेव्हा देऊळ म्हटलं की चर्च समजा.

आमचं ऑफिस अंबरनाथच्या देवळामागे होतं. एक खोली, एक लोखंडी कपाट, एक इंग्रजी आणि एक मराठी टाइपरायटर. कमिटीचं इतिवृत्त मी इंग्रजीत लिहायची आणि मंडळीसाठीची पत्रकं मराठीत. पाळकसाहेब एकच होते आणि मंडळ्या तीन होत्या: अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर. प्रत्येक गावाचं घड्याळ निराळं. बदलापुरात बारवी धरणाचं पाणी नळाला सकाळी यायचं. हंडे-कळशा भरून झाल्याशिवाय बायका देवळात येऊच शकत नव्हत्या, म्हणून तिथली उपासना नऊला. अंबरनाथच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. रविवारी दुपारपाळीला जाणारे पुरुष जेवून वेळेवर निघाले पाहिजेत, म्हणून इथली उपासना साडेआठला. उल्हासनगरची मंडळी शाळेच्या हॉलमध्ये भरायची आणि तो हॉल दुपारीच मिळायचा. म्हणजे पाळकसाहेब दुपारी उल्हासनगरला दर आठवड्याला जायचे, पण सकाळी त्यांना अंबरनाथ किंवा बदलापूर, दोन्हींतलं एकच निवडावं लागे. ज्या गावी ते नसत तिथली उपासना त्या मंडळीचे ज्येष्ठ पंच चालवत.

हे सगळं जुळवायला मी जी पद्धत बसवली ती अशी. मंगळवारी पत्रव्यवहार. बुधवारी आजाऱ्यांची नावं गोळा करायची. गुरुवारी स्टेन्सिल कापायचं. शुक्रवारी ते घेऊन उल्हासनगरच्या एका सिंधी शेठच्या छापखान्यात जायचं. शेठ लग्नाच्या पत्रिका छापायचे आणि कोपऱ्यात त्यांचं सायक्लोस्टाइलचं मशीन होतं. मला पाहिलं की पत्रिकेसाठी बसलेल्या गिऱ्हाइकांना म्हणायचे, "दो मिनट बैठो साईं, पहले बाईचा देवाचा पेपर. तुमची शादी काय पळून जात नाही." शनिवारी सकाळी मी तीन पाकिटं भरायची. प्रत्येकात त्या रविवारच्या गीतांचे आकडे, शास्त्रपाठ, आजाऱ्यांची यादी आणि वाचायच्या सूचना. बदलापूरचं पाकीट तिथून अंबरनाथला कामाला येणारा मंडळीतला एक जण शनिवारी घेऊन जायचा आणि सोमवारी परत आणायचा. परत आलेल्या पाकिटात प्रत्येक कागदावर पंचांची खूण असायची: वाचलं, गायलं, प्रार्थना केली. सोमवारी मी त्या खुणा पाहून तक्ता पुसायची आणि पुढचा आठवडा लिहायची.

बदलापूरचे ज्येष्ठ पंच म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. उंच, बारीक, पांढरा सदरा नेहमी गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्यांच्या खुणा फळ्यावर काढल्यासारख्या ठळक असत. वर्षानुवर्षांत त्यांचं पाकीट एकदाही उशिरा आलं नाही.

त्याच मंडळीत, बदलापुरातल्या बेलवलीला, एक फिटर राहत. कारखान्यात नोकरी आणि रविवारी देवळात पेटी वाजवायची. मास्तरांचे ते जुने स्नेही. मास्तरांनी सूर वर नेला की हे पेटी मुद्दाम खाली ओढायचे आणि उपासना संपल्यावर दोघं त्यावरून भांडायचे. फिटरांना एकच मुलगी होती. ती बालवाडीत शिकवायची आणि तिचं लग्न उल्हासनगरच्या मंडळीतल्या एका मुलाशी ठरलं होतं. ईस्टर झाल्यावर करायचं असं सगळ्यांना माहीत होतं. त्याच हिवाळ्यात फिटरांच्या पोटात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं, परत शिवलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं.

आता आमच्यातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्नाआधी तीन रविवार मुलाच्या आणि मुलीच्या, दोन्ही मंडळ्यांत भर उपासनेत सूचना वाचतात. अमक्याचा मुलगा आणि अमक्याची मुलगी यांचा विवाह ठरला आहे, कोणाला योग्य हरकत माहीत असेल तर त्याने कळवावी, ही पहिली वेळ. मग दुसरी, मग तिसरी. आम्ही तिला लग्नाची चिठ्ठी म्हणत असू. तीन वेळा वाचल्याशिवाय लग्न लागत नसे. आणि दुसरी रीत ही की ईस्टरआधीच्या उपवासाच्या आठवड्यांत, म्हणजे लेंटमध्ये, कोणी लग्न करत नसे, चिठ्ठीही वाचली जात नसे. वेदीवर जांभळं कापड, फुलं नाहीत. पाप नव्हे ते, पण कोणी केलेलंही नव्हतं.

लेंट लागायच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेब बदलापूरला होते. फिटरांना दोघांनी धरून आणलं. ते म्हणाले, "लग्न ईस्टरनंतर असेना, एक चिठ्ठी तरी माझ्या कानांनी ऐकतो." ती पाळकसाहेबांनी वाचली. फिटर पेटीजवळ बसले होते, पण पेटी दुसराच कोणी वाजवत होता. मास्तर शेजारी बसले होते असं मला नंतर कळलं.

त्यानंतरच्या गुरुवारी मी स्टेन्सिल कापत असताना ती मुलगी ऑफिसच्या दारात उभी राहिली. बालवाडीची पोरं नुकतीच सोडून आलेली. पदराला खडूची पूड होती.

"ये ना, बस. बाबा कसे आहेत?"

ती बसली नाही. "काकू, डॉक्टर म्हणाले ईस्टर नाही दिसायचा त्यांना."

मी हात थांबवले.

"लग्न आधी नाही का होणार? मला हॉल नको, जेवण नको, काही नको. बाबांना फक्त बघू दे."

मी तिला पाळकसाहेबांच्या घरी नेलं. पाळकीणबाईंनी पाणी दिलं. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लेंटमध्ये लग्न लावू नये असं शास्त्रात कुठे आहे ते मला कोणी दाखवावं. बाई, तक्ता आणा."

तक्ता भिंतीवरून काढून मी त्यांच्या टेबलावर ठेवला. येणाऱ्या रविवारी दुसरी वेळ, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरी, आणि लगेच सोमवारी सकाळी बदलापूरच्या देवळात साधं लग्न. मुलीने तक्त्यावरच्या त्या सोमवारावर बोट ठेवलं. बराच वेळ ते तिथून काढलं नाही.

येणाऱ्या रविवारी अंबरनाथला प्रभुभोजनाचा विधी होता, जो पाळकाशिवाय होत नाही, म्हणून पाळकसाहेब इथे आणि बदलापूरला मास्तर. मी शनिवारी बदलापूरच्या पाकिटात लग्नाची चिठ्ठी घातली. वर नेहमीप्रमाणे लिहिलं: दुसरी वेळ. मास्तरांना वेगळं काही कळवायची रीत नव्हती. पाकिटात जे असेल ते वाचायचं, हीच रीत होती. पाळकसाहेबांना वाटलं, मास्तर तर घरचेच, त्यांना घरून कळलंच असेल. घरच्यांना वाटलं, देवळाच्या माणसांना देवळातून कळेल. मास्तर शनिवारी बेलवलीला जाऊनही आले होते, पण फिटरांना झोप लागली होती आणि मायलेकी त्यांच्या उशाशी. मास्तर दारातूनच परतले.

सोमवारी दुपारी पाकीट आलं. गीतांवर खुणा, शास्त्रपाठावर खूण, आजाऱ्यांच्या यादीत फिटरांच्या नावापुढे दोन खुणा, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना झाली होती. सूचनांच्या कागदावर शेवटच्या ओळीपुढे मास्तरांचं ठळक अक्षर: "राखून ठेवली. लेंट." आणि पाकिटात चिठ्ठी नव्हती.

सोमवार पाळकसाहेबांच्या विश्रांतीचा. सोमवारी त्यांना हाक मारायची नाही हा नियम मीच केला होता आणि मीच तो सगळ्यांकडून पाळून घ्यायची. त्या दिवशी मी त्यांचं दार वाजवलं.

आम्ही दोघं आधी मास्तरांकडे गेलो. मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून वाचत बसले होते. ती बेताच्या उंचीची, वेताने विणलेली आरामखुर्ची, शाळेने निरोपसमारंभात दिलेली. आम्हाला पाहून ते उठले.

"सलाम साहेब. सलाम बाई. मला वाटलंच तुम्ही याल." ते आत गेले आणि आपलं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आले. त्यात चिठ्ठी घडी न मोडता ठेवलेली होती. "बाई, तुमच्या हातून असं व्हायचं नाही, पण माणूस आहे. लेंटमध्ये चिठ्ठी वाचली असती तर मंडळीने तुम्हाला नावं ठेवली असती. मी सांभाळून घेतलं. ईस्टरनंतरच्या रविवारी वाचू."

पाळकसाहेबांनी त्यांना सांगितलं. आवाज न चढवता, डॉक्टर काय म्हणाले, मुलगी कधी आली, काय ठरलं, सगळं क्रमाने. मास्तर उभेच होते. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मी काल म्हटलं होतं, एकदा कुणाला विचारून घ्या."

"रविवारी सकाळी कुणाला विचारू?" मास्तर आत न बघता म्हणाले. "फोन आहे का तुझ्या माहेरी?"

मग त्यांनी चप्पल घातली आणि आमच्याबरोबर बेलवलीला निघाले.

फिटर जागे होते. खाट खिडकीशी लावलेली, अंगावर घोंगडी, चेहरा एवढासा झालेला. मास्तर खाटेच्या पायाशी उभे राहिले आणि त्यांनीच सांगितलं. पाळकसाहेबांना बोलू दिलं नाही.

फिटर ऐकत होते. मग म्हणाले, "मास्तर, शाळेतपण तुम्ही पोरांचे रजेचे अर्ज असेच दाबून ठेवायचात."

कोणी हसलं नाही. मुलगी दाराशी उभी होती. तिने तोंडावर पदर धरला.

पाळकसाहेब म्हणाले, "एक मार्ग आहे. बिशपसाहेबांकडून खास परवानगी मागता येते. मग चिठ्ठ्या वाचायची गरज नाही. ते दौऱ्यावर आहेत, पण मी स्वतः जाऊन गाठतो. लग्न ठरल्या दिवशी लागेल."

"परवानगीचं नको," फिटर म्हणाले.

"बाबा!"

"नको म्हटलं ना."

"का पण?"

त्यांना बोलायला त्रास होत होता. थांबून थांबून बोलले. "साहेब, मागे आपल्यात एक लग्न परवानगीवर झालं, आठवतं? पहिलं पोर झालं तेव्हा देवळाच्या पायरीवर बायका बोटांवर महिने मोजत होत्या. बाप्तिस्म्याला आलेल्या पोराकडे बघून बोटं मोजत होत्या. मीपण हसलो होतो. लेंटमधलं लग्न, वर परवानगीचं. मी गेल्यावर माझ्या पोरीकडे बघून कोण काय मोजेल, ते थांबवायला मी नसेन."

"मला नाही पर्वा," मुलगी म्हणाली. "मोजू देत. जन्मभर मोजू देत. तुम्ही पाहिजे आहात मला तिथे."

"मी येणार की. एक आठवडा तर आहे. तीनदा वाचा, चारचौघांत वाचा. मग लेंट असो नाहीतर नसो." ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्या तक्त्यावर माझं नाव एक सोमवार पुढे सरकवा. जमेल ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

परत निघताना मुलगी गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तिने मास्तरांकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली, "काकू, एक आठवडा म्हणतात ते. त्यांना काय माहीत एक आठवडा म्हणजे काय." आणि आत गेली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब स्वतः बदलापूरला गेले आणि दुसरी वेळ वाचली. का लेंटमध्ये, तेही त्यांनी मंडळीला स्पष्ट सांगितलं. उल्हासनगरला त्याआधीचे दोन्ही रविवार नीट वाचलं गेलं होतं, तिकडे काही अडचण नव्हती. दुसऱ्या दिवशी जो सोमवार उजाडला तो मूळचा लग्नाचा. त्या दिवशी फिटर बरे होते. नुसते बरे नाही, त्यांनी चहा मागून घेतला आणि पेटी जवळ आणायला लावून एका हाताने थोडी वाजवली. हे मला त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं. त्या दिवशी लग्न असतं तर ते आलेच असते.

मी कामाला लागले. मला दुसरं काही येत नव्हतं. शेठकडे पत्रिका टाकलेल्या होत्या, त्यांच्यावरची तारीख बदलायची होती. शेठ म्हणाले, "बाई, तारीख काटली तर पत्रिका खराब दिसते. मी नवीन छापतो. पोरीचा बाप आजारी आहे ना? मग मला काय सांगू नका, उद्या घेऊन जा." मी एका कागदावर लग्नाच्या सकाळचा क्रम लिहिला. पाणी येण्याआधी घरात कोणी आंघोळी उरकायच्या. उल्हासनगरची मंडळी कशी येणार. देवळात फुलं नाहीत हे वराकडच्यांना आधी सांगणे. आणि फिटरांना कसं आणायचं.

त्यांच्या गल्लीत रिक्षा शिरत नव्हती आणि त्यांना बसून जाणं जमणार नव्हतं. तेव्हा मास्तर म्हणाले, "माझी खुर्ची घ्या. पाठ मागे पडते, पाय पुढे ठेवता येतात. दोन्ही बाजूंना बांबू बांधले की चौघांना उचलता येईल." चौघं मी नेमले: पेटीजवळ बसणारे गायनवृंदातले दोघं, शेजारच्या घरातले एक बौद्ध गृहस्थ, जे फिटरांबरोबर एकाच पाळीला होते, आणि चौथे मास्तर. मी मास्तरांना म्हटलं, तुमच्या वयाला हे ओझं नको, दुसरा कोणी बघू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांचं नाव लिहून टाकलं.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून त्या दिवशी सरावासाठी सगळे जमले. मीही गेले होते, कारण सोमवारी गल्लीतून निघायला किती वेळ लागतो ते मला पाहायचं होतं. फिटरांना गादीसकट उचलून खुर्चीत ठेवलं. फार हलके झाले होते. चौघांनी बांबू खांद्यावर घेतले आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. आजूबाजूच्या बायका दारात आल्या. मास्तर उंच, त्यामुळे त्यांची बाजू वर झाली आणि खुर्ची कलली.

"अहो मास्तर, हळू," फिटर खुर्चीतून म्हणाले. "ही वरात आहे, माझी माती नाही. मातीला तुम्ही पाहिजे तसे धावा."

यावेळी सगळे हसले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला मातीला नेताना पेटीपण वर ठेवावी लागेल, नाहीतर उठून बसाल." फिटर हसता हसता खोकायला लागले आणि त्यांना लगेच आत नेलं. मुलगी पाणी घेऊन धावली. खुर्ची बांबू बांधलेली तशीच ओट्यावर ठेवली. मी कागदावर वेळ लिहिली आणि अंबरनाथला परत आले.

शनिवारी सकाळी मी पाकिटं भरत होते. बदलापूरच्या पाकिटात चिठ्ठी होती, तिसरी वेळ. पाकीट नेणारा माणूस आला तो नेहमीसारखा आत आला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "बाई, पहाटे गेले."

मी पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं.

त्याच दिवशी संध्याकाळी माती झाली. उन्हाळा लागला होता, ठेवता येत नव्हतं. शवपेटी उचलायला कोण, असं कोणी विचारलं तेव्हा ते चौघं आपणहून पुढे झाले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. उंचीचा हिशेब शुक्रवारीच झाला होता, मास्तर आपोआप मागच्या बाजूला गेले आणि वाकून चालले. संपूर्ण वाट वाकून चालले. गल्लीतून निघायला जेवढा वेळ मी लिहिला होता तेवढाच लागला. मला तो मोजायचा नव्हता. सवयीने मोजला गेला.

माती झाल्यावर घरी पाळकसाहेबांनी मुलीच्या आईला विचारलं, पुढे काय करायचं. नातेवाइकांचं म्हणणं वर्षभर थांबावं. आई काहीच बोलेना. मुलगी म्हणाली, "उद्या वाचा. परवा लग्न. ते म्हणाले होते तीनदा वाचा, तर तीनदा वाचा." तिची आत्या म्हणाली, "अगं, बाप गेल्याला दोन दिवस नाहीत. लोक काय म्हणतील?" मुलगी म्हणाली, "लोकांसाठीच तर थांबलो होतो आपण."

पाळकसाहेबांनी मला तक्ता आहे तसाच ठेवायला सांगितला.

रविवारी तक्त्याप्रमाणे पाळकसाहेब अंबरनाथला होते. त्यांनी मास्तरांना निरोप पाठवला होता की वाचवत नसेल तर दुसऱ्या कोणाला सांगा. मास्तरांनी स्वतः वाचली. मी तिथे नव्हते. सोमवारी पाकीट लग्नाच्या घाईत माझ्या हातात आलं, त्यात त्या ओळीपुढे नेहमीसारखी ठळक खूण होती. मंडळीतल्या बायकांनी सांगितलं की हरकत असेल तर कळवावी असं वाचून झाल्यावर मास्तर पुढे बोललेच नाहीत. कोणीतरी उठून आपल्यावरच हरकत घेईल अशी वाट पाहत असल्यासारखे उभे राहिले. मग एका बाईने गीत सुरू केलं.

सोमवारी सकाळी मी लवकर बदलापूरला पोचले. देवळात जांभळं कापड, फुलं नाहीत. कोपऱ्यात शनिवारच्या पुष्पचक्राच्या दोन-तीन पाकळ्या राहिल्या होत्या, त्या मी उचलल्या. पुढच्या रांगेत, मी माझ्या कागदावर लिहिलं होतं त्याच जागी, मास्तरांची वेताची खुर्ची ठेवलेली होती. बांबू सोडलेले होते. ती आणायला कोणी पुन्हा सांगितलं नव्हतं आणि आणू नका असंही कोणी सांगितलं नव्हतं. ती ओळ माझ्या कागदावर तशीच राहिली होती. मास्तरांनी ती एकट्याने उचलून आणली होती.

मुलगी आली. पांढरी साडी, हातात काहीच नाही. आईला दोघींनी धरलं होतं. मुलीने खुर्ची पाहिली. मला वाटलं, आता ती मागे वळेल.

आमच्या लग्नविधीत पाळक विचारतात की या मुलीला कोण देतो, आणि बाप किंवा बापाच्या जागचा माणूस पुढे होऊन म्हणतो, मी. आत्याचे यजमान त्यासाठी कोट घालून तयार होते. मुलगी त्यांच्याजवळून पुढे गेली आणि मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसलेल्या मास्तरांसमोर उभी राहिली.

"चला," ती म्हणाली.

मास्तरांना कळलं नाही. "काय, बाळ?"

"तुम्ही द्यायचं मला. चला."

"मी?" ते उठले. "नको, बाळ. मी नको. तुझे काका आहेत ना."

"त्या खुर्चीत बसा. साहेबांनी विचारलं की उठा आणि मी म्हणा." तिचा आवाज अगदी सरळ होता, बालवाडीतल्या पोराला रांगेत उभं करतात तसा. "खुर्ची तुम्ही आणलीत ना? मग बसा."

आत्या काहीतरी बोलायला गेली. मुलीची आई, जी शनिवारपासून बोलली नव्हती, ती म्हणाली, "असू दे."

मास्तर त्या खुर्चीत बसले. अगदी कडेला, पाठ न टेकता. हात मांड्यांवर. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण उघडं राहिलं होतं आणि ते त्यांच्या लक्षात नव्हतं. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा ते उठले, पण आवाज बाहेर पडला नाही. पाळकसाहेब थांबले आणि त्यांनी पुन्हा विचारलं. मुलगी समोर बघत होती. ती वळली नाही, तिने मदत केली नाही.

"मी," मास्तर म्हणाले.

तिने तसं का केलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती त्यांना माफ करत होती की त्या जागी बसवून त्यांना काय झालं ते दाखवत होती, मला आजही सांगता येत नाही. कदाचित तिलाही येत नसेल. लग्नानंतर ती उल्हासनगरला गेली आणि बऱ्याच वर्षांनी तिच्या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी ऑफिसात आली, तेव्हा देवळाच्या पायरीवर कोणी बोटं मोजली नाहीत. मोजण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मास्तर पुढेही कित्येक वर्षं बदलापूरची उपासना चालवत होते. पाकीट दर सोमवारी वेळेवर यायचं. फक्त त्या वर्षापासून प्रत्येक शनिवारी ते स्वतः अंबरनाथला येऊ लागले. समोर उभे राहून पाकिटातला एकेक कागद काढायचे आणि मला विचारायचे, "बाई, हे वाचायचंच ना?" मी म्हणायची, "हो, मास्तर, वाचायचंच." मग ते पुढचा कागद काढत. त्यात माझी शनिवारची सकाळ जायची. मी तक्त्यावर तेवढी जागा रिकामी सोडायला लागले.